लंब रेषेचे समीकरण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील दहावी-अकरावीच्या विद्यार्थ्यांना गणित शिकवताना एक गोष्ट मला दरवर्षी जाणवत आली आहे. "चढ उलटा करा आणि चिन्ह बदला" हे वाक्य जवळजवळ प्रत्येकाला पाठ असते, परंतु असे का करायचे हे विचारले की वर्ग शांत होतो. आणि ज्याला कारण ठाऊक नसते, त्याचे गणित थोडे वेगळ्या वळणाचे आले की हमखास चुकते. म्हणून पुढील उत्तरांत मी रीतीइतकीच जागा कारणाला दिली आहे. पाठ्यपुस्तकात चलांसाठी इंग्रजी अक्षरे असतात. येथे आडव्या अंतरासाठी क्ष, उभ्या अंतरासाठी य आणि चढासाठी म व न ही अक्षरे वापरली आहेत.

लंब रेषेचे समीकरण काढण्यासाठी नेमके काय माहीत असावे लागते?

दोन गोष्टी माहीत असाव्या लागतात : जिला लंब काढायचा ती रेषा आणि ज्यातून लंब जायचा तो बिंदू. नुसती रेषा दिली तर उत्तर एक राहत नाही, कारण बांधाला काटकोनात पाडलेल्या सऱ्या जशा कितीही असू शकतात आणि त्या सगळ्या एकमेकींना समांतर असतात, तशाच एका रेषेला लंब असणाऱ्या रेषाही असंख्य असतात. दिलेली रेषा आपल्याला फक्त दिशा सांगते. त्या असंख्य समांतर रेषांपैकी आपली कोणती, हे बिंदू ठरवतो. तो बिंदू दिलेल्या रेषेवर असो किंवा तिच्याबाहेर असो, त्यातून जाणारी लंब रेषा एकच असते. बिंदू रेषेवरच असेल तर रीत बदलते का, असे अनेक जण विचारतात. रीत बदलत नाही.

रेषेचा चढ म्हणजे काय, आणि तो ऋण कधी असतो?

चाळीसगावहून कन्नड घाट चढताना रस्ता आडवा किती पुढे गेला आणि तेवढ्यात वर किती गेला, यांचे गुणोत्तर म्हणजे त्या रस्त्याचा चढ. गणितातला अर्थही हाच आहे. रेषेवरील कोणतेही दोन बिंदू घ्यावेत, त्यांच्या य-निर्देशकांच्या वजाबाकीला क्ष-निर्देशकांच्या वजाबाकीने भागावे. उदाहरणार्थ, (१, २) आणि (४, ८) या बिंदूंसाठी चढ = (८ − २)/(४ − १) = ६/३ = २. डावीकडून उजवीकडे जाताना रेषा वर जात असेल तर चढ धन, खाली उतरत असेल तर ऋण. वजाबाकीत वर आणि खाली बिंदूंचा क्रम एकच ठेवावा, एवढे पथ्य पुरेसे आहे.

लंब रेषांच्या चढांचा गुणाकार −१ च का येतो?

माझ्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि त्याचे उत्तर सूत्राआधी पुठ्ठ्याच्या एका तुकड्याने समजून घ्यावे.

आलेख कागदावर आरंभबिंदूपासून उजवीकडे ३ घरे आणि मग वर २ घरे जावे; आपण (३, २) या बिंदूवर पोहोचतो. आडवी बाजू ३, उभी बाजू २ आणि आरंभबिंदूपासून त्या बिंदूपर्यंतची तिरपी बाजू, असा काटकोन त्रिकोण तयार होतो. आपल्या जुन्या गणितात या बाजूंना भुज, कोटी आणि कर्ण म्हणत असत. कर्णाचा चढ म्हणजे कोटी भागिले भुज, म्हणजे २/३. आता हा त्रिकोण पुठ्ठ्यावर कापून घ्यावा, आरंभबिंदूवर टाचणी टोचावी आणि तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने बरोबर ९० अंश फिरवावा. जी ३ लांबीची बाजू उजवीकडे पसरली होती ती आता सरळ वर उभी राहते, आणि जी २ लांबीची बाजू वर उभी होती ती डावीकडे आडवी होते. कर्णाचे टोक (३, २) वरून (−२, ३) वर येते, आणि फिरलेल्या कर्णाचा चढ ३/(−२), म्हणजे −३/२ असतो. भुजाची कोटी झाली, कोटीचा भुज झाला, म्हणून अपूर्णांक उलटा झाला; आणि दोन बाजूंपैकी एकीचीच दिशा ऋण झाली, म्हणून चिन्ह बदलले. (२/३) × (−३/२) = −१. त्रिकोण घड्याळाच्या दिशेने फिरवला तर टोक (२, −३) वर येते, पण चढ तोच राहतो.

आता हेच सूत्ररूपाने पाहू. आरंभबिंदूतून जाणाऱ्या दोन रेषांचे चढ म आणि न मानू. पहिल्या रेषेवर (१, म) आणि दुसरीवर (१, न) हे बिंदू असतात. आरंभबिंदूपासून त्यांच्या अंतरांचे वर्ग १ + म² आणि १ + न² आहेत, तर त्या दोन बिंदूंमधील अंतराचा वर्ग (म − न)² आहे. रेषा एकमेकींना लंब असतील तर पायथागोरसच्या प्रमेयानुसार

१ + म² + १ + न² = म² − २मन + न²

दोन्ही बाजूंचे म² आणि न² गेले की २ = −२मन, म्हणजे मन = −१ उरते. पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यासही खरा असल्यामुळे उलट दिशेनेही जाता येते : चढांचा गुणाकार −१ असेल तर रेषा लंब असतातच. ज्या रेषा आरंभबिंदूतून जात नाहीत त्यांच्यासाठी वेगळी सिद्धता लागत नाही, कारण रेषा स्वतःला समांतर सरकवली तरी तिचा चढ आणि तिने केलेला कोन बदलत नाही.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथील शिलालेखात, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. भुज, कोटी आणि कर्ण हे शब्द त्या मठात शिकवले जात असणार. निर्देशकांची कल्पना मात्र त्यानंतर पुष्कळ काळाने, १६३७ मध्ये, फ्रान्समधील देकार्त यांच्या लेखनातून पुढे आली. आपल्या भूमीतील जुने शब्द आणि देकार्त यांचे अक्ष एकाच त्रिकोणात भेटतात, हे मुलांना सांगताना मला दरवेळी आनंद होतो.

आधी उलटे करायचे की आधी चिन्ह बदलायचे?

क्रमाने काही फरक पडत नाही, पण दोन्ही कृती व्हायलाच हव्यात. चढ ५ असेल तर तो ५/१ असा लिहावा म्हणजे लंब रेषेचा चढ −१/५ आहे हे लगेच दिसते. चढ −४/७ असेल तर लंबाचा चढ ७/४. येथे चिन्ह बदलल्यावर उत्तर धन होते, हे अनेक जण विसरतात, कारण त्यांच्या मनात "लंब म्हणजे वजा" असे काहीतरी बसलेले असते. चढ ०.७५ असा दशांशात दिला असेल तर त्याचे आधी ३/४ करावे आणि मग −४/३ लिहावे.

फक्त चिन्ह बदलणारे आणि फक्त उलटे करणारे, असे चुकणाऱ्यांचे दोन गट असतात. २ आणि −२ हे चढ असलेल्या रेषा म्हणजे उभ्या अक्षाच्या आरशातील एकमेकींची प्रतिबिंबे आहेत. त्यांच्या चढांचा गुणाकार −४ येतो. २ आणि १/२ हे चढ असलेल्या रेषा य = क्ष या रेषेच्या आरशातील प्रतिबिंबे आहेत; तेथे गुणाकार १ येतो. प्रतिबिंब पाहणे आणि काटकोनात वळणे या निराळ्या क्रिया आहेत, आणि पुठ्ठ्याचा त्रिकोण एकदा हाताने फिरवलेला विद्यार्थी त्यांची गल्लत करत नाही, असा माझा अनुभव आहे.

एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवून दाखवता येईल का?

समजा, एका शेताचा नकाशा आलेख कागदावर काढला आहे आणि त्यावर १ एकक म्हणजे प्रत्यक्षात १० मीटर आहे. शेताच्या कडेने जाणारी पाटचारी २क्ष − ३य + ६ = ० या सरळ रेषेवर आहे आणि विहीर (४, ९) या बिंदूवर आहे. विहिरीपासून चारीपर्यंत चारीला काटकोनात पाइप टाकायचा आहे, तर पाइपाच्या रेषेचे समीकरण काढावे.

प्रथम दिलेल्या समीकरणातून य वेगळा करू : ३य = २क्ष + ६, म्हणून य = (२/३)क्ष + २. चारीचा चढ २/३ आहे, म्हणून पाइपाचा चढ −३/२. पाइप (४, ९) मधून जातो, म्हणून

य − ९ = −(३/२)(क्ष − ४)

दोन्ही बाजूंना २ ने गुणल्यास २य − १८ = −३क्ष + १२, म्हणजेच ३क्ष + २य − ३० = ०. मागितलेले समीकरण हेच.

यात (क्ष − ४) लिहिताना बिंदूचे निर्देशक वजा करायचे असतात हे लक्षात ठेवावे; बिंदू (−४, ९) असता तर तेथे (क्ष + ४) आले असते. परीक्षेत गुण जातात ते बहुधा येथे, चढ काढताना नव्हे.

हा पाइप चारीला कुठे मिळेल, आणि तो किती लांब लागेल?

लंब रेषा मूळ रेषेला ज्या बिंदूत मिळते त्याला लंबपाद म्हणतात, आणि तो काढण्यासाठी दोन्ही समीकरणे एकसामयिक म्हणून सोडवावी लागतात. वरील उदाहरणात २क्ष − ३य = −६ आणि ३क्ष + २य = ३० आहेत. पहिल्याला २ ने आणि दुसऱ्याला ३ ने गुणून बेरीज केली की १३क्ष = ७८, म्हणून क्ष = ६; मग य = ६. लंबपाद (६, ६) आहे.

(४, ९) पासून (६, ६) पर्यंतचे अंतर √(४ + ९) = √१३, म्हणजे सुमारे ३.६१ एकके, आणि आपल्या प्रमाणानुसार सुमारे ३६ मीटर. विहिरीपासून चारीपर्यंत याहून कमी लांबीचा सरळ पाइप असूच शकत नाही, कारण चारीवरचा दुसरा कोणताही बिंदू घेतला तर तो पाइप काटकोन त्रिकोणाचा कर्ण ठरतो आणि कर्ण नेहमी इतर दोन्ही बाजूंपेक्षा मोठा असतो. केवळ अंतरच हवे असेल तर लंबपाद न काढताही ते मिळते : बिंदूचे निर्देशक २क्ष − ३य + ६ मध्ये ठेवल्यास ८ − २७ + ६ = −१३ येते; त्याचे चिन्ह सोडून १३ ला √(२² + ३²), म्हणजे √१३ ने भागले की √१३ मिळते. दोन्ही वाटांनी उत्तर एकच आले, ही पडताळणीही झाली.

चढ न काढता थेट समीकरण लिहिता येते का?

येते. अ·क्ष + ब·य + क = ० या रेषेला लंब असलेली प्रत्येक रेषा ब·क्ष − अ·य + ड = ० अशी लिहिता येते : क्ष आणि य यांच्या सहगुणकांची अदलाबदल करावी, त्यांपैकी एकाचे चिन्ह बदलावे आणि ड ची किंमत दिलेल्या बिंदूवरून काढावी. ५क्ष + ४य − ७ = ० ला (२, −१) मधून लंब काढायचा असेल तर ४क्ष − ५य + ड = ० लिहावे; बिंदू ठेवल्यावर ८ + ५ + ड = ०, म्हणून ड = −१३, आणि समीकरण ४क्ष − ५य − १३ = ०. ही रीत जलद आहे, शिवाय अपूर्णांक येत नाहीत. भुज आणि कोटी यांची अदलाबदल आणि एकाचे चिन्ह बदलणे, हीच कृती येथे सहगुणकांच्या रूपात पुन्हा भेटते. तरीही ज्यांनी ही रीत समजून घेतलेली नाही त्यांनी चढावरूनच जावे, असा माझा सल्ला आहे, कारण मूळ समीकरणातील क हे पद तसेच खाली उतरवून ठेवण्याची चूक याच रीतीत सर्वाधिक होते.

दिलेली रेषा आडवी किंवा उभी असेल तर काय करावे?

येथे सूत्र बाजूला ठेवून चित्र पाहावे. य = ४ ही आडवी रेषा आहे, तिचा चढ ० आहे आणि ० उलटा करता येत नाही; परंतु आडव्या रेषेचा लंब उभा असतो हे उघड आहे. (३, −५) मधून जाणारी उभी रेषा क्ष = ३. तसेच क्ष = −२ या उभ्या रेषेला (१, ६) मधून लंब य = ६. उभ्या रेषेवर सर्व बिंदूंचा क्ष-निर्देशक सारखाच असल्याने चढाच्या सूत्रात छेद ० येतो, आणि ० ने भागता येत नाही. म्हणून उभ्या रेषेचा चढ सांगता येत नाही, असेच लिहावे, "चढ अनंत आहे" असे लिहून त्याचा ० शी गुणाकार करण्याच्या भरीस पडू नये. सहगुणकांची रीत मात्र या दोन्ही प्रसंगी न अडखळता चालते.

दोन गावांपासून सारख्या अंतरावरील रेषा काढायची असेल तर?

दोन बिंदूंपासून समान अंतरावर असलेल्या सर्व बिंदूंची रेषा म्हणजे त्यांना जोडणाऱ्या रेषाखंडाचा लंबदुभाजक. समजा, नकाशावर गावे (१, ७) आणि (५, −१) येथे आहेत. रेषाखंडाचा मध्यबिंदू (३, ३), चढ −८/४ = −२, म्हणून लंबाचा चढ १/२. समीकरण य − ३ = (१/२)(क्ष − ३), म्हणजे क्ष − २य + ३ = ०.

चढाचा आधार न घेताही हे साधते. हवा असलेला बिंदू (क्ष, य) मानून दोन्ही गावांपासूनच्या अंतरांचे वर्ग समान लिहावेत :

(क्ष − १)² + (य − ७)² = (क्ष − ५)² + (य + १)²

वर्गपदे दोन्ही बाजूंनी जातात आणि ८क्ष − १६य + २४ = ० उरते; ८ ने भागले की तेच समीकरण. मला ही दुसरी वाट अधिक आवडते, कारण तिच्यात काटकोनाचा उल्लेखही नसताना काटकोन आपोआप येतो.

आलेखावर काढल्यावर रेषा काटकोनात दिसत नाहीत. उत्तर चुकले असे समजावे का?

लगेच तसे समजू नये. आधी दोन्ही अक्षांवरील प्रमाण सारखे आहे का ते पाहावे. क्ष-अक्षावर १ सेंटीमीटर म्हणजे १ एकक आणि य-अक्षावर १ सेंटीमीटर म्हणजे २ एकके घेतली, तर चित्र उभ्या दिशेने निम्मे दबते आणि तिरप्या लंब रेषांमधील काटकोन कागदावर काटकोन राहत नाही. गणकयंत्राच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावरही असे होते. वर्गात एका हुशार मुलीने अगदी बरोबर सोडवलेले गणित केवळ या कारणाने खोडून टाकलेले मी पाहिले आहे, आणि तेव्हापासून लंब रेषांच्या आलेखात प्रमाण समान ठेवण्याचा आग्रह मी कधीच सोडलेला नाही.

शेतात किंवा बांधकामावर याचा उपयोग कोण करतो?

गवंडी पायाची आखणी करताना दोरीवर ३, ४ आणि ५ फुटांचा त्रिकोण धरून किंवा गुण्या लावून कोपरा काटकोनात आणतो. मोठ्या पायासाठी तीच मापे ९, १२ आणि १५ फूट घेतली की चूक कमी राहते. कपाशी लावताना शेतात आडव्या-उभ्या रेघा पाडून त्यांच्या फुलीवर बी टोकले की पुढे दोन्ही बाजूंनी कोळपे चालवता येते. हा आमच्या शिवारातला आलेख कागदच आहे, आणि रेघा काटकोनात नसतील तर कोळप्याखाली रोपे सापडतात. या कामांत कोणी समीकरण लिहीत नाही, हे खरे आहे. पण जमिनीची मोजणी निर्देशकांत होते तेव्हा, किंवा संगणकावर घराचा नकाशा काढला जातो तेव्हा, दोरीच्या जागी हेच समीकरण येते.

वर्तुळाच्या स्पर्शिकेशी आणि त्रिकोणाच्या शिरोलंबाशी याचा काय संबंध आहे?

स्पर्शिका ही स्पर्शबिंदूतून जाणाऱ्या त्रिज्येला लंब असते. क्ष² + य² = २५ या वर्तुळावर (३, ४) येथे त्रिज्येचा चढ ४/३, स्पर्शिकेचा −३/४, आणि समीकरण ३क्ष + ४य = २५. शिरोलंबासाठी समोरच्या बाजूचा चढ काढून शिरोबिंदूतून लंब घ्यावा. असे दोन शिरोलंब छेदले की शिरोलंबसंपात मिळतो.

अकरावीला विज्ञान शाखेत इंग्रजी शब्द येतात. ते कसे जुळवावेत?

घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि अकरावीत एकदम इंग्रजी, अशा तीन पायऱ्या आमच्याकडील पुष्कळ मुले चढतात, आणि गणित येत असूनही शब्दापाशी अडतात. चढ म्हणजे स्लोप, लंब म्हणजे परपेंडिक्युलर, लंबपाद म्हणजे फूट ऑफ द परपेंडिक्युलर, लंबदुभाजक म्हणजे परपेंडिक्युलर बायसेक्टर, आणि "उलटा करून चिन्ह बदललेला" म्हणजे निगेटिव्ह रेसिप्रोकल. एवढे शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. कल्पना ज्या भाषेत कळली त्याच भाषेत विचार करावा आणि उत्तर मागितलेल्या भाषेत लिहावे. त्यात कमीपणा मुळीच नाही.

माझे उत्तर पुस्तकातील उत्तरापेक्षा वेगळे दिसते. ते बरोबर आहे की नाही, हे कसे ओळखावे?

एकाच रेषेची समीकरणे अनेक रूपांत लिहिता येतात. य = −(३/२)क्ष + १५, ३क्ष + २य = ३० आणि ६क्ष + ४य − ६० = ० या तिन्ही समीकरणांनी वरील पाइपाचीच रेषा दर्शवली जाते. रूप जुळवत बसण्यापेक्षा दोन गोष्टी तपासाव्यात : दिलेला बिंदू आपल्या समीकरणात ठेवल्यावर दोन्ही बाजू समान येतात का, आणि आपल्या रेषेचा चढ गुणिले मूळ रेषेचा चढ −१ येतो का. आपल्या उदाहरणात ३ × ४ + २ × ९ = ३० आणि (−३/२) × (२/३) = −१. पहिली तपासणी चुकली तर कंस सोडवताना चिन्ह चुकले आहे का ते पाहावे, दुसरी चुकली तर मूळ समीकरणातून य वेगळा करताना काय झाले ते पाहावे. पूर्ण गणित खोडण्याची गरज सहसा पडत नाही.